'स्लम' : एका शब्दाचा अर्थ आणि वापर

१

'स्लम' हा शब्द आता मराठीत मुरला आहे. वर्तमानपत्र, महानगरपालिकेची नोटीस, समाजशास्त्राचे क्रमिक पुस्तक आणि शिक्षकांच्या खोलीतले संभाषण या सर्व ठिकाणी तो सहज वापरला जातो. 'ही स्लममधली मुले आहेत' असे एखादा प्राध्यापक म्हणतो तेव्हा त्याला त्या मुलांचा पत्ता सांगायचा नसतो. त्यांच्याकडून काय अपेक्षा ठेवायची आणि काय ठेवायची नाही, हे तो सांगत असतो. म्हणून या शब्दाचा अर्थ एकदा नीट तपासला पाहिजे. हा प्रश्न केवळ कोशाचा नाही. या शब्दाच्या बळावर घरे पाडली गेली आहेत आणि याच शब्दाच्या आधाराने काही घरे वाचलीही आहेत.

गरिबाच्या घराला इंग्रजीत पुष्कळ शब्द आहेत. 'हट' म्हणजे साधी झोपडी. 'हॉवेल' म्हणजे राहण्यास अयोग्य असे खोपट. 'शॅक' आणि 'शँटी' म्हणजे फळकुटे, पत्रे, जे मिळेल ते जोडून उभा केलेला आसरा. हे सर्व शब्द घराचे वर्णन करतात. त्यांत तुच्छता असेल, पण तिचा रोख भिंतींवर आणि छपरावर आहे. मराठीतही असेच आहे. खोपट, छप्पर, कुडाचे घर, भटक्यांचे पाल हे शब्द घर कशाचे आहे ते सांगतात. घरातला माणूस कसा आहे ते सांगत नाहीत.

'स्लम' या शब्दाची जात वेगळी आहे. तो घर, गल्ली, गटार, माणूस आणि माणसाची चालचलणूक यांचे एकच गाठोडे बांधतो, आणि एकदा गाठोडे बांधले की आत काय आहे हे पाहण्याची गरज कोणाला वाटत नाही.

२

या शब्दाचा जन्म कोठे झाला ते पाहणे उद्बोधक आहे. त्याची व्युत्पत्ती निश्चित लागलेली नाही. जेम्स हार्डी व्हॉक्स नावाचा एक इंग्रज चोर होता. शिक्षा म्हणून त्याला ऑस्ट्रेलियात पाठवण्यात आले. तेथे १८१२ मध्ये त्याने चोरांच्या बोलीचा एक कोश तयार केला आणि तो १८१९ मध्ये छापला गेला. 'स्लम' हा शब्द त्यात सापडतो. तेथे त्याचा अर्थ वस्ती असा नाही. त्याचा अर्थ आहे खोली, आणि दुसरा अर्थ आहे लबाडीचा धंदा. पुढे लंडनमधल्या मागच्या गल्ल्यांना 'बॅक स्लम्स' म्हणू लागले. म्हणजे शब्द वस्तीला चिकटला तेव्हाच गुन्हेगारीचा वास घेऊन आला होता.

शिष्ट इंग्रजीत हा शब्द रुजवण्याचे श्रेय बहुतेक अभ्यासक कार्डिनल वाइजमन या कॅथलिक धर्मगुरूला देतात. १८५० मध्ये लिहिलेल्या एका पत्रकात त्याने वेस्टमिन्स्टरच्या भव्य चर्चलगतच्या अंधाऱ्या गल्लीबोळांना 'स्लम्स' म्हटले. त्याचा हेतू वाईट नव्हता; तेथल्या गरिबांविषयी त्याला कळकळ होती. पण चोरांचा शब्द धर्मगुरूच्या मुखातून आल्यावर तो प्रतिष्ठित झाला. त्याआधी अशा वस्त्यांना इंग्रजीत 'रूकरी' म्हणत, म्हणजे डोमकावळ्यांची घरटी. कावळ्यांच्या घरट्यापासून चोराच्या खोलीपर्यंत शब्द बदलत गेले, पण माणसांचे घर हा अर्थ काही त्यांत आला नाही.

शब्दामागोमाग कुदळी आल्या. सेंट जाइल्स ही लंडनमधली अशीच एक बदनाम वस्ती होती आणि तेथे आयरिश गरिबांचा मोठा भरणा होता. १८४७ मध्ये तिच्या मधून न्यू ऑक्सफर्ड स्ट्रीट हा रुंद रस्ता काढण्यात आला. घरे पडली. माणसे मात्र नाहीशी झाली नाहीत. ती शेजारच्या गल्ल्यांत दाटीवाटीने राहू लागली आणि त्या गल्ल्या अधिक कोंदट झाल्या. १८७२ मध्ये एंगल्सने घरांच्या प्रश्नावर लिहिताना हेच सांगितले की, भांडवलदार वर्ग हा प्रश्न सोडवीत नाही, तो फक्त त्याची जागा बदलतो.

१८८९ मध्ये चार्ल्स बूथने लंडनच्या दारिद्र्याचा रंगीत नकाशा प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. सर्वांत खालच्या वर्गाच्या गल्ल्यांना त्याने काळा रंग दिला आणि सूचीत त्या वर्गाला दुर्गुणी व अर्धगुन्हेगार म्हटले. त्याच्याच पाहणीत मात्र असे दिसले की, दारिद्र्याचे मोठे कारण व्यसन हे नसून अनिश्चित काम आणि अपुरी मजुरी हे आहे. आकडे एक सांगत होते आणि रंग दुसरेच. लोकांच्या लक्षात रंग राहिला. याच राज्यकर्त्यांनी १८७१ मध्ये भारतात गुन्हेगार जमातींचा कायदा केला होता. लंडनमध्ये त्यांनी गल्ली गुन्हेगार ठरवली, येथे जन्म गुन्हेगार ठरवला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण पालात राहणाऱ्या माणसाकडे पाहण्याची पोलिसांची नजर रद्द झाली असे कोणी म्हणणार नाही.

३

मुंबईत हा विचार प्लेगबरोबर आला. १८९६ मध्ये प्लेगची साथ आली आणि १८९८ मध्ये शहर सुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. रोगट वस्त्या पाडाव्यात, रुंद रस्ते काढावेत आणि मजुरांसाठी चाळी बांधाव्यात, हे त्याचे काम. सुरुवातीच्या वर्षांत ट्रस्टने पाडले अधिक आणि गरिबांसाठी बांधले कमी. याच ट्रस्टच्या परळ येथील बी. आय. टी. चाळीत बाबासाहेब आंबेडकर १९१२ पासून १९३४ पर्यंत राहत होते. ज्यांना 'गलिच्छ भागातले लोक' असे एका शब्दात गुंडाळले जाई, त्यांच्यामधून आणि त्यांच्या शेजाराने या देशाचा राज्यघटनाकार वाढला. याला अपवाद म्हणून बाजूला ठेवणे सोयीचे आहे; पण त्याच चाळींतून कामगार चळवळ आणि आंबेडकरी जलसे यांनाही माणसे मिळाली.

स्वातंत्र्यानंतर इंग्रज गेले, शब्द राहिला. १९५६ मध्ये केंद्राने स्लम क्षेत्रांचा कायदा केला. कोणता भाग स्लम ठरवावा याच्या कसोट्या त्यात आहेत. मोडकळीस आलेल्या इमारती, दाटी, अरुंद रस्ते, हवा आणि उजेडाचा अभाव यांमुळे ज्या इमारती सुरक्षितता, आरोग्य किंवा नीती यांना बाधक आहेत, तो भाग स्लम. आरोग्य समजू शकते; नीती येथे कोठून आली? अरुंद गल्लीत राहिल्याने नीती बिघडते हे कायद्याने गृहीत धरले. रुंद रस्त्यावरच्या बंगल्यांची नीती तपासण्याची तरतूद कोठेही नाही.

महाराष्ट्राचा कायदा १९७१ चा. त्याची व्याख्या प्रत्येक कार्यकर्त्याने एकदा शांतपणे वाचावी. एखाद्या भागात मूलभूत सोयी अपुऱ्या आहेत किंवा मुळीच नाहीत, तो भाग अस्वच्छ, घाणेरडा किंवा दाटीचा आहे, आणि त्यामुळे तो त्या भागातल्या अथवा शेजारच्या जनतेच्या आरोग्याला, सुरक्षिततेला किंवा सोयीला धोक्याचे कारण आहे, तर तो झोपडपट्टी क्षेत्र म्हणून घोषित करता येतो.

या व्याख्येत दोन गोष्टी शेजारी शेजारी उभ्या आहेत. पहिली, सोयी नाहीत. नळ, गटार, संडास आणि दिवे देणे हे नगरपालिकेचे काम आहे. ते तिने केले नाही. दुसरी, म्हणून हा भाग धोक्याचा आहे. काम कोणी केले नाही आणि धोका कोण ठरला? वड्याचे तेल वांग्यावर काढणे ते हेच. ज्याला पाणी दिले नाही त्याला अस्वच्छ म्हणायचे, आणि तो अस्वच्छ आहे म्हणून उठवायचे. शिवाय 'शेजारच्या जनतेची सोय' हे शब्द पाहा. वस्तीतल्या माणसाला काय त्रास होतो एवढेच मोजून कायदा थांबत नाही. शेजाऱ्याला वस्तीचा काय त्रास होतो तेही तो मोजतो. शेजारी बहुधा इमारतीत राहणारा असतो.

४

आता भाषांतराकडे वळू. 'स्लम' या शब्दासाठी सरकारी मराठीने प्रथम 'गलिच्छ वस्ती' असा शब्द काढला आणि 'स्लम क्लिअरन्स'चे 'गलिच्छ वस्ती निर्मूलन' झाले. भाषांतरकाराने कोश उघडून प्रामाणिकपणे काम केले असेल. पण शब्द एका समाजातून दुसऱ्या समाजात येतो तेव्हा तेथे आधीच असलेल्या खाचेत जाऊन बसतो. इंग्रजी शब्दात गुन्ह्याचा वास होता, मराठीत त्याला विटाळाचा वास मिळाला.

आपल्या गावात वस्तीचे स्थान जातीने ठरत आले आहे. महारवाडा, मांगवाडा, चांभारवाडा वेशीबाहेर. सरदाराच्या हवेलीलाही वाडा आणि वेशीबाहेरच्या खोपटांनाही वाडा, ही भाषेची थट्टा आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकली. वेशीबाहेर का, तर ते लोक अस्वच्छ. अस्वच्छ का, तर गावाची घाण ते काढतात. आणि घाण का काढतात, तर तसा जन्म. हे चक्र ज्याला ठाऊक आहे त्याला 'गलिच्छ वस्ती' हा नवा शब्द वाटत नाही. शहरे झाडणारे, गटारात उतरणारे, कचऱ्याच्या गाड्यांवर काम करणारे लोक ज्या वस्तीत राहतात, तिलाच शहर गलिच्छ म्हणते. सवर्ण गाव जे 'विटाळ' या शब्दाने बोलत होते तेच शहर 'आरोग्य' या शब्दाने बोलू लागले.

'निर्मूलन' हा शब्दही तपासला पाहिजे. आपण देवी रोगाचे निर्मूलन म्हणतो, हिवतापाचे निर्मूलन म्हणतो. मुळासकट उपटायचे ते निर्मूलन. मूळ उपटायचे असेल तर बेघरपणाचे उपटावे, भूमिहीनतेचे उपटावे. वस्तीचे निर्मूलन म्हणताना रोगाच्या जागी माणसांची घरे ठेवली गेली.

पुढे 'गलिच्छ वस्ती' मागे पडली आणि 'झोपडपट्टी' हा शब्द रूढ झाला. तो त्या मानाने बरा. त्यात झोपडी आहे आणि पट्टी आहे. रेल्वेच्या रुळालगत, नाल्याच्या काठाला, पाण्याच्या मोठ्या नळाशेजारी, खाडीच्या चिखलात जी अरुंद पट्टी कोणालाच नको होती, तेथे माणसे राहिली, ही वस्तुस्थिती तो शब्द निदान सांगतो. पण त्यालाही जुना दर्प चिकटलाच. शब्द बदलून समाज बदलत नाही. समाज नव्या शब्दालाही आपल्या मापाने वापरतो.

या वस्त्यांत कोण राहते हे आकडे सांगतात. २०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे साडेसहा कोटी लोक स्लममध्ये राहत होते. त्यांत अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे २० टक्के होते, तर एकूण शहरी लोकसंख्येत ते साधारण साडेबारा टक्के होते. ही माणसे हौसेने आली नाहीत. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातली भूमिहीन कुटुंबे मुंबई-पुण्याकडे ढकलली. १९७८ मध्ये विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या. ज्याचे गावातले घर जाळले गेले, त्याला शहरातल्या झोपडीत दारिद्र्य दिसते तसाच आसराही दिसतो. 'स्लम' या शब्दात ही दुसरी बाजू कधीच मावत नाही.

५

येथपर्यंत वाचून एखादा तरुण कार्यकर्ता म्हणेल की, मग हा शब्द फेकून द्या. प्रश्न इतका सोपा नाही. हा शब्द आता हक्काचा कागदही झाला आहे.

मुंबईतल्या दोन घटना पाहा. जानेवारी १९७६ मध्ये राज्य सरकारने मुंबईतल्या झोपड्यांची गणना केली आणि झोपडीधारकांना पुढे फोटोपास मिळाले. त्याच वर्षी, आणीबाणीच्या काळात, ट्रॉम्बे भागातली जनता कॉलनी उठवण्यात आली. सुमारे ७०,००० लोकांची ही वस्ती होती. शहराच्या इतर भागांतून उठवलेल्या लोकांना महापालिकेनेच पूर्वी तेथे नेऊन बसवले होते. आता त्यांना तेथून काढून चिता कॅम्प येथे नेले. पुढे चिता कॅम्पलाही लोक स्लम म्हणू लागले. एका वर्षात एका हाताने मोजणी झाली आणि दुसऱ्या हाताने उठवणूक. तरीही ज्याच्याजवळ गणनेचा कागद होता त्याला काहीतरी बोलता येत होते. १९८१ च्या पावसाळ्यात पदपथावरच्या लोकांना हुसकावण्यात आले तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८५ च्या ओल्गा टेलिस निकालात न्यायालयाने जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो असे मानले, आणि हे लोक नाइलाजाने तेथे राहतात, गुन्हा करण्याच्या हेतूने नव्हे, हेही मान्य केले. पण झोपड्या हटवण्यास मनाई केली नाही. ज्यांच्याजवळ १९७६ च्या गणनेची ओळखपत्रे होती त्यांना पर्यायी जागा द्यावी, असे सांगितले.

पंधरा वर्षांनी, २००० मध्ये, अलमित्रा पटेल खटल्यात त्याच न्यायालयाने सरकारी जमिनीवरील अतिक्रमकाला मोफत पर्यायी जागा देणे म्हणजे खिसेकापूला बक्षीस देणे होय, अशा अर्थाचे उद्गार काढले. व्हॉक्सच्या कोशातला चोर जवळजवळ दोनशे वर्षांनी पुन्हा वर आला.

म्हणजे 'घोषित झोपडपट्टी' असणे हा कलंकही आहे आणि कवचही. घोषणा झाली तर नळ, संडास आणि पुनर्वसन मागता येते. नाही झाली तर वस्ती कागदावर नसतेच. जनगणनेच्या हिशेबाने साधारण ३०० लोक किंवा ६० ते ७० घरे एकत्र असल्याशिवाय स्लम होत नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीला २० घरे पुरतात. तीच चाळीस घरे एका कार्यालयात स्लम आणि दुसऱ्यात काहीच नाही. शिवाय तारखेची अट. अमुक तारखेपूर्वीचा पुरावा असेल तर माणूस 'पात्र', नसेल तर 'अपात्र'. या तारखेवरून पाणीही नाकारले जात होते. पाणी हक्क समितीने न्यायालयात दाद मागितली आणि डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, वस्ती अनधिकृत असली तरी पाणी नाकारता येत नाही, असा निर्णय दिला. तहानेला कट-ऑफ तारीख नसते, ही साधी गोष्ट सांगण्यासाठी न्यायालयात जावे लागले.

उलट बाजूही आहे. मुंबईतल्या कोळीवाड्यांनी आपली जुनी गावठाणे झोपडपट्टी ठरवण्यास विरोध केला, कारण त्या घोषणेने त्यांचे जमिनीशी असलेले जुने नाते पुसले जाते आणि विकासकाचा मार्ग मोकळा होतो. धारावीत कोळीवाडा आहे, कुंभारवाडा आहे, चामड्याचे काम करणाऱ्यांच्या गल्ल्या आहेत. एवढी कामे आणि एवढे कारागीर असलेल्या भागाला एकच शब्द लावला की तेथले श्रम दिसेनासे होतात. जमिनीचा भाव तेवढा दिसतो.

६

हा वाद केवळ आपल्याकडचा नाही. २००० साली संयुक्त राष्ट्रांनी 'स्लमविरहित शहरे' ही घोषणा स्वीकारली. ॲलन गिल्बर्ट या इंग्रज भूगोलतज्ज्ञाने २००७ मध्ये तिच्यावर आक्षेप घेतला. त्याचे म्हणणे असे की, हा शब्द घर आणि माणूस यांत गल्लत करतो आणि पाडापाडी करणाऱ्या सरकारांच्या हाती आयते समर्थन देतो. तुर्की भाषेत अशा घराला 'गेजेकोंदू' म्हणतात, म्हणजे रातोरात उभे केलेले. त्या शब्दात शिवी नाही. एक कृती आहे. ब्राझीलमध्ये १८९७ च्या सुमारास युद्धावरून परतलेले सैनिक रिओच्या एका टेकडीवर राहिले, त्या टेकडीला 'फवेला' नाव पडले आणि तेच पुढे अशा सर्व वस्त्यांचे नाव झाले. तेथल्या जनगणना खात्याने अनेक वर्षे या वस्त्यांना 'सबनॉर्मल' समूह म्हटले. लोकांनी हरकत घेतली आणि जानेवारी २०२४ मध्ये त्या खात्याने तो शब्द टाकून 'फवेला आणि नागरी समुदाय' हे नाव स्वीकारले.

आपल्याला यात नवे काही नाही. 'हरिजन' हे नाव कायद्यात घालण्याचा प्रयत्न मुंबई विधिमंडळात १९३८ मध्ये झाला, तेव्हा दादासाहेब गायकवाड आणि बाबासाहेबांच्या पक्षाने त्याला विरोध केला आणि सभात्याग केला. दुसऱ्याने दयेने दिलेले नाव नाकारायचे आणि आपल्या स्थितीचे कारण सांगणारे नाव घ्यायचे, ही आपल्या चळवळीची रीत आहे. 'दलित' हा शब्द त्याच रीतीने आला. दलित म्हणजे दळला गेलेला. म्हणजे दळणारा कोणीतरी आहे हे त्या शब्दातच आहे. 'स्लम' या शब्दात नेमके हेच नाही. तो वस्तीची अवस्था सांगतो, ती कोणी केली हे लपवतो.

डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे काढून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. निर्णय चांगला आहे. पण शहरातल्या वस्त्यांनी सरकारची वाट पाहिली नव्हती. सिद्धार्थनगर, मिलिंदनगर, पंचशीलनगर, रमाबाई आंबेडकर नगर ही नावे लोकांनी स्वतः ठेवली. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मारली गेली. आपण त्या जागेचे नाव घेतो तेव्हा 'एका स्लममध्ये' असे कोणी म्हणत नाही. नावाला इतिहास असतो, 'स्लम'ला फक्त क्रमांक असतो.

तेव्हा वापर कसा करावा? कार्यालयात, न्यायालयात, अर्जावर 'झोपडपट्टी' हा कायद्याचा शब्द जरूर वापरावा. तेथे तो सोडणे म्हणजे हक्क सोडणे आहे. पण अर्जात पुढे लगेच लिहावे : इतक्या घरांना इतके नळ, इतक्या माणसांना इतके संडास, आणि ते देण्याची जबाबदारी अमुक खात्याची. म्हणजे अभाव वस्तीच्या नावावर न पडता देणाऱ्याच्या नावावर पडेल. वर्गात, लेखात, भाषणात वस्तीला तिच्या नावाने ओळखावे, आणि शिक्षकाने 'स्लममधली मुले' हा शब्दप्रयोग विद्यार्थ्यांसमोर आणि त्यांच्या पाठीमागेही टाळावा. प्रवेशअर्जावर आपल्या नगराचे नाव लिहून त्यापुढची जागा कोरी सोडणारे विद्यार्थी मी दरवर्षी पाहतो. त्या कोऱ्या जागेत काय लिहायचे नाही हे त्यांना कोणी शिकवलेले नसते. आपल्या बोलण्यावरून ते शिकलेले असतात. आणि विद्यार्थ्यांनी पुस्तकात 'स्लम'ची व्याख्या आली की एक प्रश्न समासात लिहून ठेवावा : येथे पाणी कोणी दिले नाही? ज्या व्याख्येत या प्रश्नाचे उत्तर नाही ती व्याख्या अपुरी आहे, मग ती कितीही मोठ्या ग्रंथात छापलेली असो.